मातींत मिळणारें वेष्टन

बाजारांतून आपण जो जिन्नस घरीं आणतों, त्याबरोबर आणखी एक जिन्नस नकळत विकत घेत असतों. तो म्हणजे त्याचें वेष्टन. जिन्नसाची आपण पारख करतों, त्याचा भाव करतों. वेष्टनाकडे मात्र कोणी निरखून पाहत नाहीं. मिठाच्या पिशवींतील मीठ महिन्याभरांत संपतें, पण पिशवी मागें राहते. तिचें काम चार दिवसांचें आणि आयुष्य मात्र कित्येक पिढ्यांचें, अशी ही विपरीत स्थिति आहे. वेष्टनाचें काम जितके दिवस, तितकेंच त्याचें आयुष्य कां असूं नये, आणि तसें वेष्टन आपल्या कोंकणांतील झाडापानांच्या तंतूंपासून करतां येईल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विचारासाठीं पूर्णगड हें गांव आम्हीं मुद्दाम निवडलें आहे. मुचकुंदी नदी सह्याद्रींतून निघून लांजें तालुक्यांतून वाहत येते व रत्नागिरीच्या दक्षिणेस पूर्णगडाच्या लहानशा किल्ल्याखालीं समुद्रास मिळते. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र आणि खाडीपलीकडे गावखडीचा सुरूच्या बनाचा किनारा, असें हें रम्य स्थळ आहे. परंतु नदीचें मुख हें साऱ्या खोऱ्याचें उंबरठ्याचें ठिकाण असतें. खोऱ्यांतील रस्त्यांवर, पऱ्यांत व वहाळांत जें जें टाकलें जातें, तें तें पहिल्या मोठ्या पावसाबरोबर येथें येऊन पोंचतें. भरतीच्या रेषेवर सुरूचीं पानें, नारळाचीं सोडणें, लांकडाच्या ढलप्या आणि त्यांत गुंतलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या एकत्र पडलेल्या दिसतात. पानें कुजून वाळूंत मिसळतात, सोडणें सावकाश झिजतात. पिशव्या मात्र उन्हानें फाटून त्यांचे बारीक बारीक तुकडे होतात, आणि ते तुकडे पुन्हा समुद्रांत जातात. कोळी बांधवांच्या जाळ्यांत मासळीबरोबर हा कचराहि येतो. गावखडीच्या याच वाळूंत ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्री कांसवें अंडीं घालण्यास येतात, हेंहि येथें ध्यानांत ठेवावें.

आतां मागील काळाकडे थोडें वळून पाहूं. आपल्या पूर्वजांना माल बांधण्याची गरज नव्हती असें नाहीं. भात सांठविण्यासाठीं पेंढ्याचेच दोर वळून त्यांचा गोल मुडा बांधीत. म्हणजे ज्या रोपाचें धान्य, त्याच रोपाचें वेष्टन. पोफळीच्या पानाचा बुंध्याकडील रुंद भाग, ज्यास आपण विरी म्हणतों, तो भिजवून मऊ केला कीं त्यांत पदार्थ बांधतां येत असे. फुलांचे हार केळीच्या सोपटानें गुंफीत. जेवणास केळीचें पान किंवा पत्रावळ, मासळीला बांबूची पाटी, आंब्याला करंडी, गुळाला व धान्याला गोणपाट, आणि या सर्वांस आवळून बांधण्यास काथ्याचें सुंभ. मासे धरण्याचीं जाळींसुद्धां नायलॉन येण्यापूर्वीं सुताचीं व तागाचीं असत, आणि तीं खाऱ्या पाण्यांत टिकावीं म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यांत बुडवून काढीत. या साऱ्या वस्तु काम संपल्यावर चुलींत, गोठ्यांत किंवा शेतांत जात. कचरा म्हणून निराळी जागा राखून ठेवण्याची पाळी क्वचितच येई.

तथापि जुनें तें सर्व सोनें, असें म्हणण्याचा आमचा उद्देश नाहीं. मुड्याला उंदीर लागत, गोणपाटाला ओल लागे, करंडींतील फळ वाटेंत चेंगरे. पॉलिथीन हें द्रव्य इंग्लंडांतील नॉर्थविच येथें १९३३ सालीं एका प्रयोगांत हातीं आलें, आणि स्वीडनमधील एका कंपनीनें सलग तुकड्याच्या पिशवीचें पेटंट १९६५ सालीं मिळविलें. त्यानंतर त्या पिशवीनें जग जिंकलें, तें उगाच नव्हे. ती हलकी, स्वस्त, पाण्यानें न भिजणारी व धरण्यास सोयीची होती. तिच्या जागीं दुसरें कांहीं आणावयाचें असेल, तर तिचे हे गुण प्रथम प्रामाणिकपणें मान्य केले पाहिजेत. नुसत्या निंदेनें कोणतीहि वस्तु बाजारांतून जात नाहीं.

वनस्पतींचे तंतु कुजतात आणि पॉलिथीन कुजत नाहीं, असें कां होतें? हें समजण्यासाठीं कोंकणांतील कुडाच्या भिंतीचा दृष्टांत घेऊं. कुडांत कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधतात व त्यांवर माती लिंपतात. काठ्यांमुळें भिंतीस बळ येतें आणि मातीमुळें ती घट्ट होऊन काठ्यांचें रक्षण होतें. वनस्पतीच्या तंतूंत काठ्यांचें काम सेल्युलोज नांवाचें द्रव्य करतें व लिंपणाचें काम लिग्निन करतें. शिवाय पेक्टिन नांवाचा एक डिंकासारखा पदार्थ तंतूंना एकमेकांशीं चिकटवून ठेवतो. सेल्युलोज हें साखरेच्या लहान लहान कणांची लांबच लांब माळ होय. मातींतील बुरशी व सूक्ष्म जंतु आपल्या पाचक रसांनीं ही माळ तोडतात आणि तिच्यांतील साखर खाऊन जगतात. म्हणजे आपण ज्याला कुजणें म्हणतों, तें त्या जीवांचें जेवण असतें. पॉलिथीनचीहि माळच असते. परंतु तिच्या मण्यांची गांठ या जीवांच्या रसांना सहजासहजीं सुटत नाहीं, म्हणून तें जसेंच्या तसें पडून राहतें.

सर्व तंतूंत हीं द्रव्यें सारख्या प्रमाणांत नसतात, आणि पुढील सर्व विचाराची किल्ली याच गोष्टींत आहे. कापसांत शेंकडा ९० हून अधिक सेल्युलोज असतें व लिग्निन जवळजवळ नसतेंच. म्हणून ओल्या मातींत सुती चिंधी लवकर विरते. तागांत लिग्निन सुमारें १२ टक्के असतें. नारळाच्या काथ्यांत तें ४० टक्क्यांच्या आसपास असतें. म्हणूनच काथ्याचा दोर वर्षानुवर्षें खाऱ्या पाण्यांत राहूनहि टिकतो. भाताच्या पेंढ्यांत लिग्निन बेताचेंच, पण वाळूच्या जातीचें सिलिका नांवाचें खनिज पुष्कळ असतें.

यावरून एक नियम निघतो. जो तंतु पाण्याला दाद देत नाहीं, तो मातींत मिळण्यासहि वेळ लावतो. जो मातींत लवकर मिळतो, तो पाण्यांत लवकर ढिला पडतो. एकाच वस्तूनें समुद्रांत वर्षभर टिकावें आणि शेतांत आठवड्याभरांत नाहींसें व्हावें, ही अपेक्षा व्यर्थ आहे. म्हणून “उत्तम वेष्टन कोणतें?” असें न विचारतां “कोणत्या कामाला किती दिवस टिकणारें वेष्टन?” असें विचारलें पाहिजे. पाव किलो मिरच्यांना संध्याकाळपर्यंत टिकणारी कागदी पुडी पुरे. कलमाच्या मुळांना पावसाळाभर आधार देणारी काथ्याची कुंडी हवी. हें प्रमाण साधणें म्हणजेच वेष्टनाची विद्या.

ही विद्या किती नाजूक आहे तें आपल्या हापूस आंब्यावरून दिसेल. झेल्यानें देठासकट उतरविलेला आंबा मेलेला नसतो. तो श्वासोच्छ्वास करीत असतो, उष्णता व पाण्याची वाफ बाहेर टाकतो, आणि एथिलीन नांवाचा वायु सोडून स्वतःस व शेजाऱ्यास पिकवितो. अशा सजीव फळास पूर्णगडाहून मुंबईपर्यंत सुमारें साडेतीनशें किलोमीटरांची घाटवळणांची वाट ऐन मे महिन्यांत काटावयाची असते. त्याच्या वेष्टनास चार कामें एकदम करावीं लागतात: धक्का सोसणें, वरच्या पेटीचा भार उचलणें, वाफ बाहेर जाऊं देणें, आणि फळाच्या सालीस ओरखडा न पाडणें. यांपैकीं एक जरी चुकलें, तरी बागाईतदाराची वर्षाची मेहनत वाशीच्या बाजारांत उतरत्या भावानें जाते.

बांबूची करंडी व तींतील पेंढा हा या प्रश्नाचा जुना जबाब होता. करंडींतून वारा खेळे, पेंढा गादीचें काम करी, आणि घरीं आढी घालण्यासहि तोच उपयोगी पडे. पण एकावर एक करंड्या रचल्या कीं खालचीं फळें दबत. मग लांकडी खोकीं आलीं. त्यांनीं भार चांगला पेलला, पण त्यांसाठीं झाडें तोडावीं लागत आणि खिळ्यांनीं व कडांनीं फळास इजा होई. त्यानंतर आली पुठ्ठ्याची पेटी. तिच्या पोटांत नागमोडी घडीचा कागद असतो. या कागदाचें पहिलें पेटंट १८५६ सालीं इंग्लंडांत उंच टोपीच्या आंतील पट्टीसाठीं घेतलें गेलें. १८७१ सालीं अमेरिकेंत तो कांचेच्या बाटल्या गुंडाळण्यास योजिला गेला. कागदाच्या घड्या लहान लहान कमानींचें काम करतात, म्हणून इतका हलका पुठ्ठा इतका भार उचलतो. हा पुठ्ठाहि वनस्पतितंतूंचाच होय. पण दमट हवेंत तो ओल शोषतो व त्याचें बळ निम्म्यापर्यंत उतरतें. कारण असें कीं, कागदांतील तंतु एकमेकांना गोंदानें चिकटलेले नसतात. वाळतांना पाण्याचा अंश निघून गेला म्हणजे ते आपल्याच आकर्षणानें एकमेकांस धरून राहतात, आणि पाणी परत आलें कीं ही मिठी सुटते.

परदेशीं माल पाठवितांना आणखी एक अडचण येते. पेंढ्याबरोबर किडी व रोगांचीं बीजें आपल्या देशांत शिरतील, या भीतीनें अमेरिकेसारखे देश भाताच्या पेंढ्यांत बांधलेला माल घेत नाहींत. २००७ सालीं भारतीय आंबा अमेरिकेस पुन्हा जाऊं लागला, तेव्हां नाशिक जिल्ह्यांतील लासलगांव येथें त्यावर किरणांची प्रक्रिया करून व कीड आंत न शिरेल अशा पेट्यांत बंद करूनच तो पाठवावा लागला. म्हणजे तंतु आपल्याच शेतांतला असला, तरी त्यास नवें रूप दिल्यावांचून भागत नाहीं.

हें नवें रूप देण्याच्या तीन रीति आमच्या वाचकांस समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली रीत लगद्याची. उंसाचें चिपाड, पेंढा किंवा रद्दी कागद पाण्यांत शिजवून व कुटून आंबिलीसारखा लगदा करतात. जाळीचा सांचा त्यांत बुडवून पलीकडून हवा ओढून घेतली कीं पाणी निघून जातें व तंतूंचा थर जाळीवर बसतो. तो उष्णतेनें वाळविला कीं सांच्याच्या आकाराची वस्तु तयार होते. अंड्यांचे करडे खळगेदार ट्रे आपण सर्वांनीं पाहिले आहेत, ते असेच होतात. अंड्यांसाठीं खणाखणांची कागदी पेटी करण्याची कल्पना कॅनडांतील जोसेफ कॉइल या वृत्तपत्र चालविणाऱ्या गृहस्थानें १९११ सालीं काढली. अंडें काय आणि आंबा काय, दोघांनाहि आपला आपला खळगा मिळाला कीं शेजाऱ्याचा धक्का लागत नाहीं. कोल्हापूर-सांगलीकडे चिपाडाला तोटा नाहीं. तेव्हां त्याच्या लगद्याचे खळगे आणि कोंकणचा आंबा यांची गांठ घालून देणें अशक्य नाहीं.

दुसरी रीत दाबाची, आणि पूर्णगडासारख्या गांवाच्या दृष्टीनें हीच सर्वांत विचार करण्यासारखी वाटते. नारळाच्या सोडणाच्या वजनांत धागा सुमारें तिसरा हिस्सा असतो व बाकीचा बहुतेक भुसा. काथ्या काढण्यासाठीं सोडण खाऱ्या पाण्यांत कित्येक महिने कुजत ठेवण्याची जुनी पद्धत आहे. त्या काळांत जंतु पेक्टिन खाऊन धागे मोकळे करतात; परंतु पाण्यास दुर्गंधि येते व मासळीस त्रास होतो. नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथील संशोधकांनीं २००४ सालीं असें दाखवून दिलें कीं, संपूर्ण सोडण वाळवून, दळून, १४० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेंत जोरानें दाबलें, तर त्यांतील लिग्निन मऊ होऊन तेंच सरसाचें काम करतें. त्यांत निराळें रसायन घालावें लागत नाहीं आणि पाण्यांत कुजविण्याचीहि गरज राहत नाहीं. कुडाच्या भिंतीच्या भाषेंत बोलावयाचें तर, जुन्या भिंतीचीच माती भिजवून नवी भिंत लिंपण्यासारखें हें आहे. अशा फळ्यांपासून जड माल ठेवण्याच्या बैठकी, खोक्यांचे तळ व बाजू करतां येतात. आपल्याकडे बहुतेक सोडणें आंघोळीचें पाणी तापविण्यांत खर्च होतात. त्यांतील निदान कांहीं भाग अशा कामीं आला, तर गांवांतल्या गांवांत एखादा धंदा उभा राहणें शक्य आहे.

तिसरी रीत विणण्याची व गुंफण्याची. काथ्याचे धागे एकमेकांत गुंतवून त्यांवर रबराच्या झाडाचा चीक फवारला म्हणजे उशीसारखी लवचिक गादी होते. नाजूक यंत्रांच्या वेष्टनांत ती वापरतात. काथ्याच्या कुंड्याहि अशाच करतात. आंबा-काजूचीं कलमें आज काळ्या प्लास्टिकच्या पिशवींत मिळतात. लावतांना ती पिशवी फाडून बहुधा तेथेंच टाकली जाते. कुंडी काथ्याची असेल, तर ती कलमासकट खड्ड्यांत ठेवतां येते, मुळांना धक्का बसत नाहीं, आणि मुळें वाढतील तशी कुंडी मातींत मिळत जाते. वेष्टनाचें आयुष्य व काम यांचा मेळ बसल्याचें याहून सुंदर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. बांबूलाहि या रीतींत मानाचें स्थान आहे. दक्षिण कोंकणांत माणगा जातीचा भरीव बांबू चांगला होतो. आणि २०१७ सालीं भारतीय वन कायद्यांत दुरुस्ती होऊन वनाबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येंतून वगळला गेल्यामुळें त्याची लागवड व तोड पूर्वींपेक्षां सोपी झाली आहे. बुरूड कारागिरांच्या हातांतील कसब आणि नव्या मापाची, रचण्याजोगी करंडी यांचा योग जुळून आला पाहिजे.

या कामांत मदत करूं शकतील अशा संस्थाहि दूर नाहींत. पूर्णगडाच्या उत्तरेस रत्नागिरीलगत भाट्ये येथें १९५५ सालापासून नारळ संशोधन केंद्र आहे. तें दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठाच्या अखत्यारींत चालतें. काथ्याच्या उद्योगासाठीं १९५३ च्या कायद्यानें काथ्या मंडळ स्थापन झालें, व त्याची मध्यवर्ती संशोधन संस्था केरळांत कलवूर येथें १९५९ पासून काम करीत आहे. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत स्त्रियांनीं काथ्याचे उद्योग चालवून दाखविले आहेत. मुंबईस माटुंगा येथें १९२४ सालीं निघालेली कापूस तंत्रज्ञान संस्था पऱ्हाट्यांपासून फळ्या करणें व केळीच्या बुंध्यापासून धागा काढणें, अशा विषयांवर प्रयोग करीत आली आहे.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, मग अडचण ती कसली? अडचणी तीन आहेत, आणि त्या झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं.

पहिली अडचण कच्च्या मालाची. शेतांतील प्रत्येक काडी ही टाकाऊ नसते. पेंढा हा गुरांचा चारा आहे. शहरांतील खोक्यांसाठीं तो उचलला, तर गोठ्यांतील जनावर उपाशी राहील. म्हणून ज्याला दुसरा चांगला उपयोग नाहीं, असाच माल निवडावा: पावसाळ्यांत भिजून पडलेलीं सोडणें, गळून पडलेल्या विऱ्या, घड उतरल्यावर तोडून टाकलेले केळीचे बुंधे.

दुसरी अडचण नांवाची. “कुजणारें” असा शिक्का असलेली प्रत्येक पिशवी आपल्या परसांत कुजतेच असें नाहीं. मक्याच्या पिष्टापासून केलेल्या कांहीं प्लास्टिकांची परीक्षा सुमारें ५८ अंश उष्णतेच्या मोठ्या खतढिगांत घेतात. तेथें १८० दिवसांत त्यांचा ९० टक्के भाग विघटित झाला म्हणजे तीं उत्तीर्ण होतात. तीच पिशवी मुचकुंदीच्या खाडींत पडली, तर तेथें ती उष्णता कोठून येणार? तसेंच चिपाडाच्या ताटलीवर तेल शोषूं नये म्हणून फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप कित्येक ठिकाणीं देत असत. शरीरांत व पाण्यांत तीं दीर्घकाळ टिकतात. अमेरिकेंत अन्नाच्या कागदी वेष्टनांवरील अशा लेपांची विक्री थांबल्याचें २०२४ सालीं जाहीर झालें. विरीच्या ताटल्यांविषयींहि तेथील अन्न व औषध प्रशासनानें २०२५ सालीं हरकत घेतली. कारण सुपारीच्या झाडांतील कांहीं द्रव्यें अन्नांत उतरूं शकतात. तेव्हां झाडापासून झालें म्हणजे तें निर्दोष, असा समज करून घेऊं नये. प्रत्येक वस्तूची पारख करावी.

तिसरी अडचण किंमतीची, व तीच सर्वांत कठीण. तंतूचें वेष्टन आज बहुधा प्लास्टिकहून महाग पडतें, आणि दुकानदारास व बागाईतदारास पैशापैशाचा हिशेब पाहावा लागतो. यांत त्यांचा दोष नाहीं. पण हा हिशेब अपुरा आहे, एवढें आमचें म्हणणें. प्लास्टिकच्या पिशवीची पूर्ण किंमत दुकानांत भरली जातच नाहीं. तिची राहिलेली रक्कम कोणीतरी मागाहून भरतो: गटार तुंबल्यावर ग्रामपंचायत भरते, पोटांत पिशवी गेलेल्या गाईचा धनी भरतो, आणि जाळ्यांतला कचरा निवडण्यांत सकाळ घालविणारा पूर्णगडचा कोळी भरतो. ज्यानें वस्तु वापरली तो निराळा व ज्यानें दाम मोजलें तो निराळा, असा हा अन्याय आहे. कायद्यानें यावर कांहीं इलाज केला आहे. महाराष्ट्र शासनानें २३ मार्च २०१८ रोजीं प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंस बंदी केली. १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून टाकण्याच्या कित्येक प्लास्टिक वस्तु देशभर बंद झाल्या. धान्य व साखर यांसाठीं तागाचीं पोतीं वापरण्याची सक्ति करणारा कायदा तर १९८७ पासूनच आहे. परंतु कायदा वाईट वस्तूस मनाई करूं शकतो. चांगली वस्तु निर्माण करण्यास मात्र विद्या, कसब व गिऱ्हाईक यांचीच आवश्यकता असते.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं या विद्येचा आरंभ स्वतःच्या हातानें करावा, म्हणून एक सोपा प्रयोग सुचवितों. केळीचें पान, विरी, वर्तमानपत्राचा कागद, सुती चिंधी, सुतळी, काथ्याचा दोर, पॉलिथीनची पिशवी आणि “कुजणारी” असा शिक्का असलेली पिशवी, यांचे सारख्या मापाचे तीन-तीन तुकडे कापा. ते उन्हांत वाळवून अचूक तराजूवर तोला व वजनें वहींत लिहा. मृगाच्या सुमारास एक संच परसांतील मातींत एक वीत खोल पुरा; दुसरा तारेच्या जाळींत घालून खाडीकांठीं खुंटाला पक्का बांधा, म्हणजे वाहून जाणार नाहीं. हें काम वडील माणसांस बरोबर घेऊनच करावें. तिसरा संच तुलनेसाठीं कपाटांत ठेवा. दर महिन्यास तुकडे काढून, हलक्या हातानें धुवून, वाळवून तोला, आणि दिवाळीपर्यंत हा क्रम चालवा. जमिनींतले व पाण्यांतले आंकडे सारखे येतात काय, हें विशेष लक्षपूर्वक पाहा. सुंभ जळलें तरी पीळ जात नाहीं, अशी म्हण आहे. सुंभ पुरल्यावर पीळ किती महिने राहतो, तें तुमची वही सांगेल. अशा पन्नास वह्या एकत्र जमल्या, तर आपल्या भागांतील मातीस व पाण्यास कोणतें वेष्टन मानवतें, हें कोणत्याहि छापील शिक्क्यापेक्षां अधिक खात्रीनें कळूं शकेल.

पालकांस आमची विनंति याहूनहि साधी आहे. पुढच्या हंगामांत आंब्याची पेटी भरतांना, कलम विकत घेतांना किंवा बाजारास निघतांना एकच प्रश्न मनाशीं करावा: या वेष्टनाचें काम किती दिवसांचें आहे, आणि तें संपल्यावर हें जाणार कोठें? कापडी पिशवी, करंडी व कागदाची पुडी यांना गिऱ्हाईक मिळालें, तरच तीं करणारे हात टिकतील. आणि हात टिकले, तरच नव्या रीति शिकण्यास कोणी उरेल. मुचकुंदीच्या वरच्या अंगास राहणाऱ्यांनीं टाकलेलें पूर्णगडच्या किनाऱ्यावर येतें, हें आपण पाहिलेंच. तेव्हां खालच्या गांवाच्या किनाऱ्याची राखण वरच्या गांवांतील बाजारापासूनच सुरू झाली पाहिजे.